'श्लेष्मकवका'तील कवक : जनुकांचा पुरावा आणि आपली परिभाषा

संस्कृतात 'कवक' म्हणजे अळंबी. मनुस्मृतीतील अभक्ष्य पदार्थांच्या यादीत लसूण आणि कांदा यांच्या पंगतीला कवके बसलेली आहेत. आधुनिक विज्ञानाची परिभाषा घडवताना 'फंगस' या अख्ख्या जीवसमूहासाठी मराठीने आणि हिंदीने हा जुना शब्द उचलला. कन्नडने त्याच अर्थासाठी 'शिलींध्र' घेतला. तोही संस्कृतातलाच, आणि त्याचाही एक अर्थ अळंबी असाच. पुढे 'स्लाइम मोल्ड' नावाच्या बुळबुळीत जीवांची पाळी आली, तेव्हा इंग्रजी शब्दाचे दोन्ही भाग सरळ उलथून आपण 'श्लेष्मकवक' किंवा 'श्लेष्मबुरशी' केले आणि हिंदीने 'अवपंक कवक' केले. मूळ इंग्रजी शब्दातच घर चुकलेले होते. ती चूक आपल्या भाषांत जशीच्या तशी उतरली, आणि संस्कृत समासाने ती अधिक पक्की केली.

बेळगाव-निपाणी भागातील महाविद्यालयांत भाषा शिकवणाऱ्याला या प्रश्नाशी गाठ टाळता येत नाही. आमच्याकडची मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पदवीपूर्व वर्गात विज्ञान इंग्रजीतून घेतात. तिथल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात स्लाइम मोल्ड 'प्रोटिस्टा' या सृष्टीत येतात आणि कवकांचे प्रकरण वेगळे असते. एका विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, नावात कवक आहे, मग कवकात का नाही?" प्रश्न जीवशास्त्राचा वाटला तरी निम्मा भाषेचा आहे. उरलेल्या निम्म्याचे उत्तर गेल्या चाळीसएक वर्षांत जनुकांच्या अभ्यासाने दिले. भाषेच्या अभ्यासकाला ते ओळखीचे वाटावे असे आहे, कारण त्यामागची रीत आपल्या पाठचिकित्सेच्या रीतीची सख्खी बहीण आहे.

आधी हे जीव कसे दिसतात ते पाहू. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात कुजलेल्या ओंडक्यावर पिवळाधमक, ओलसर, फेसाळ थर पसरलेला दिसतो. कोणी पिवळे अंडे फोडून टाकले असावे असे वाटते. ती बहुधा 'फुलिगो सेप्टिका' असते. हा थर हलतो. त्याला पेशींच्या भिंती नसतात. असंख्य केंद्रके एकाच आवरणात वाहत असतात आणि वाटेतले जिवाणू, बीजाणू, कुजका कण गिळत तो मंद गतीने सरकतो. दोनएक दिवसांत तो वाळतो, वर कवच धरतो आणि आत काळपट बीजाणूंची भुकटी तयार होते. पहिल्या दिवशी पाहणाऱ्याला तो प्राणी वाटावा आणि तिसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला बुरशी. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती बहुतेक तिसऱ्या दिवसाचा नमुनाच पडत होता. वाळलेला नमुना कागदात गुंडाळून ठेवता येतो, सरकणारा येत नाही. लिनियसने १७५३ मध्ये यांपैकी एका जातीला अळंबीच्याच एका प्रकारात, फुग्यासारख्या भुछत्रांत, टाकले आणि फुलिगोला १७६३ मध्ये 'म्युकर' म्हणजे भाकरीवर येणाऱ्या बुरशीच्या घरात नेले.

नावांचा पुढचा प्रवास वाचण्यासारखा आहे. १८३३ मध्ये लिंकने 'मिक्सोमायसीट' हा शब्द रूढ केला. ग्रीक 'मिक्सा' म्हणजे शेंबूड आणि 'मायकेस' म्हणजे अळंबी. १८५९ मध्ये जर्मन अभ्यासक आंतोन द बारी याने बीजाणू रुजताना आणि त्यांतून बाहेर पडलेले जीव अन्न गिळताना पाहिले. बुरशी अन्न गिळत नाही. ती बाहेर पाचक रस सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. गिळणे हे अमीबाचे काम. द बारीने हे ओळखून नवे नाव दिले, 'मायसेटोझोआ', म्हणजे कवकप्राणी. पुराव्याशी हे नाव अधिक प्रामाणिक होते, तरी मागे पडले. १८६९ मध्ये ब्रेफेल्डला लिदीवर आणखी एक निराळा जीव सापडला. त्याचे नाव त्याने 'डिक्टिओस्टेलियम म्युकरॉइडीज' ठेवले, म्हणजे म्युकर बुरशीसारखा. त्या 'सारखा' शब्दात सगळा घोटाळा साठवलेला आहे.

ब्रेफेल्डचा जीव फुलिगोपेक्षा वेगळा. त्याचे अमीबा सुटे सुटे मातीत जिवाणू खात फिरतात. अन्न संपले की ते एकमेकांना रासायनिक साद घालतात, हजारोंनी एके ठिकाणी जमतात, गोगलगायीसारखा दोन-चार मिलिमीटर लांबीचा पुंजका होऊन उजेडाकडे सरकतात आणि शेवटी देठावर बीजाणूंचा मणी उभा करतात. त्यांतील सुमारे एक पंचमांश अमीबा देठ होतात आणि मरतात. बाकीचे त्यांच्या डोक्यावर बीजाणू होऊन तरतात. १९३५ मध्ये रेपर यांनी वर्णिलेल्या 'डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम' या जातीवर पुढे जगभर प्रयोग झाले. भारतातही या जीवांचा अभ्यास जुना आहे. अग्निहोत्रुडू यांनी दक्षिण भारतातील वनस्पतींच्या मुळांलगतच्या मातीत ते असल्याची नोंद १९५६ मध्ये केली. फुलिगोसारख्या दुसऱ्या शाखेसाठी के. एस. थिंड यांचा 'द मिक्सोमायसीट्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९७७ मध्ये निघाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी या सामाजिक अमीबांवर दीर्घकाळ काम केले. निलगिरीतील मुदुमलाईच्या जंगलातील माती आणि जनावरांची विष्ठा यांतून मिळवलेल्या नमुन्यांवर संतोष साठे, नंजुंडय्या आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. एकाच देठावर एकाहून अधिक वंशांचे अमीबा एकत्र आलेले असतात, हे त्यांनी जनुकीय खुणांवरून दाखवले. एकाच्या मरणावर दुसऱ्या कुळातला तरतो, म्हणजे 'सामाजिक' हा शब्द इथे वाटतो तेवढा सोज्वळ नाही.

आता नाते कसे ठरवायचे? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध होत होती, ती रीत डोळ्यांसमोर आणावी. अनेक पोथ्या समोर आहेत, मूळ प्रत एकही नाही. दोन पोथ्यांचे अक्षर सारखे, बांधणी सारखी, कागद सारखा म्हणून त्या एका घराण्यातल्या ठरत नाहीत. एकीत जी विशिष्ट चूक आहे, जो शब्द गळला आहे, जी ओळ घुसली आहे, तीच दुसरीतही आढळली, तर दोघी एकाच आधीच्या पोथीवरून उतरल्या असा निष्कर्ष काढतात. शुद्ध पाठ सारखा असण्याने काही सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ सर्वांकडेच असू शकतो. नाते सांगतो तो समान पाठदोष.

जनुक ही अशीच पिढ्यान्‌पिढ्या नकलली गेलेली पोथी. तिची अक्षरे चार. नक्कल करताना अक्षरे बदलतात, गळतात, वाढतात, आणि झालेला बदल पुढच्या नकलांत उतरतो. अभ्यासक सर्व सजीवांत असलेला एखादा मजकूर निवडतात, त्याच्या प्रती एकाखाली एक लावतात आणि कोणता बदल कोणाकोणाकडे आहे ते पाहतात. फरक एवढाच की संपादक विचाराने जे करतो ते इथे मोजणीने आणि संगणकाने होते. पोथीपेक्षा मजकूरही कितीतरी मोठा असतो. डिस्कॉइडियमचा संपूर्ण जनुकसंच २००५ मध्ये वाचून झाला, तो सुमारे ३ कोटी ४० लाख अक्षरांचा आणि सुमारे साडेबारा हजार जनुकांचा निघाला.

मात्र ही रीतही फसते, आणि या प्रकरणात ती खरोखर फसली होती. १९८० च्या दशकात रायबोसोममधील आरएनएच्या मजकुरावरून वंशवृक्ष आखले गेले. त्यांत फुलिगोची नातलग 'फायसेरम' आणि डिक्टिओस्टेलियम हे एकमेकांपासून दूर आणि दोघेही झाडाच्या अगदी बुडाशी, फार पुरातन शाखा म्हणून दिसले. आपल्या भाषेत सांगायचे तर दोन पोथ्यांचे लेखक इतके बेफिकीर होते की त्यांच्या प्रती चुकांनी बुजबुजल्या. संपादकाने चुकांची संख्या पाहून त्यांना सर्वांत जुन्या समजले. पोथीत दोष फार म्हणजे पोथी जुनी, असे मानण्याचा मोह आपल्याकडेही होत आला आहे. १९९७ मध्ये सँड्रा बाल्डॉफ आणि फोर्ड डूलिटल यांनी दुसरा मजकूर निवडला. पेशीत प्रथिने जुळवण्याच्या कामातले एक साहाय्यक प्रथिन सर्वांकडे असते आणि फार सावकाश बदलते. त्याच्या जनुकावरून पाहता हे दोन्ही गट एकाच घराण्यातले निघाले, आणि ते झाडाच्या बुडाशी नसून प्राणी व कवके जिथून फुटतात त्या फांदीजवळ होते. म्हणजे द बारीने डोळ्यांनी ओळखलेले कूळ १३८ वर्षांनी कागदपत्रांनिशी सिद्ध झाले.

१९९८ मध्ये थॉमस कॅव्हलिए-स्मिथ यांनी 'अमीबोझोआ' या जुन्या नावाला नवी व्याप्ती देऊन हे जीव आणि बरेचसे सुटे अमीबा एका छताखाली आणले. आपल्याकडे आमांशामुळे सर्वांना माहीत असलेला 'एंटअमीबा हिस्टोलिटिका' याच घराण्यातला. कवकांचे घर बाजूचे आहे, आणि त्या घरात भिंतीला भिंत लावून राहतो तो प्राणिवर्ग, म्हणजे आपणही. अळंबीला गवतापेक्षा माणूस जवळचा, हे विधान पचायला जड आहे पण आज त्याबद्दल वाद उरलेला नाही.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर लेख लिहायचे कारण नव्हते. देठावर बीजाणू उभे करणारे सगळेच अमीबा या घरात बसेनात. 'अक्रॅसिस' नावाचा जीव डिक्टिओस्टेलियमसारखाच गोळा होतो, देठ काढतो. त्याची जनुके वाचली तेव्हा त्याचे नाते 'नेग्लेरिया'शी निघाले. केरळातील मेंदूज्वराच्या बातम्यांतून जिचे नाव सर्वत्र झाले तीच ही नेग्लेरिया. हे घराणे अमीबोझोआपासून इतके दूर आहे की आमांशाच्या अमीबाला नेग्लेरियापेक्षा माणूस जवळचा ठरतो. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा 'प्लाझ्मोडिओफोरा' पूर्वी श्लेष्मकवकांत धरत, तो तिसऱ्याच घरात गेला. आणि 'फॉन्टिक्युला' या लहानशा जीवाने तर कमाल केली. २००९ च्या अभ्यासात तो खरोखरच कवकांचा जवळचा भाऊबंद ठरला. म्हणजे सर्व श्लेष्मकवके कवकांपासून दूर आहेत, हे वाक्यही छातीठोकपणे लिहिता येत नाही.

'अमीबा' या नावाचेही तेच झाले. आकार बदलत सरकणे ही एक चाल आहे. वेगवेगळ्या कुळांनी ती चाल स्वतंत्रपणे धरली आणि आपण चालीला कूळ समजलो.

असे का होते, हे समजायला सीमाभागातल्या माणसाला दूर जावे लागत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील, अभ्यासात 'कुपवार' या नावाने प्रसिद्ध झालेल्या गावाविषयी जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा निबंध १९७१ मध्ये आला. तिथे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत नांदल्या. त्यांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली की शब्दामागे शब्द ठेवत एका भाषेतून दुसरीत जाता यावे. 'ते तुमचे घर आहे' या अर्थाच्या वाक्यात प्रमाण कन्नडला 'आहे' लागत नाही, कुपवारच्या कन्नडला मराठीच्या वळणाने लागते. कोणी केवळ वाक्यरचना पाहिली तर या चार भाषांना एका आईच्या लेकी म्हणेल. परंतु घर, पाणी, हात, डोळा यांचे शब्द आणि त्यांतील ध्वनींची नियमित जुळणी पाहिली की आर्य आणि द्राविड ही दोन कुळे वेगळी होतात. सारख्या परिस्थितीने वळण सारखे होते. ओंडक्यावरच्या ओल्या, क्षणिक जगात बीजाणू उंचावर नेऊन वाऱ्यावर सोडणे ही चांगली युक्ती आहे. ती कवकांना सुचली, डिक्टिओस्टेलियमला सुचली, अक्रॅसिसला सुचली.

उपमा थोडी ताणली तर तुटते, हेही सांगायला हवे. भाषा शब्द सर्रास उसने घेतात. 'तूप' आपण कन्नडकडून घेतला आणि 'अण्णा', 'अक्का' ही माणसेही. जनुकांची अशी उसनवारी या जीवांत कमी आहे. नाही असे मात्र नाही : डिस्कॉइडियमच्या जनुकसंचात जिवाणूंकडून आल्यासारखी दिसणारी काही जनुके सापडली आहेत.

घराण्याच्या आतही उलथापालथ झाली. डिक्टिओस्टेलियमच्या भाऊबंदांत पूर्वी देठावरून प्रजाती ठरत. साधा देठ म्हणजे डिक्टिओस्टेलियम, कडेकडेने फांद्यांची वर्तुळे म्हणजे पॉलिस्फॉन्डिलियम, पेशीविरहित देठ म्हणजे ॲसिटोस्टेलियम. २००६ मध्ये पॉलिन शाप आणि सहकाऱ्यांनी तोवर ज्ञात असलेल्या बहुतेक जातींची जनुके लावून पाहिली, तेव्हा चार मोठे गट दिसले आणि ते देठाच्या वर्गवारीशी जुळेनात. फांद्या एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवल्या होत्या. २०१८ मध्ये त्यानुसार नवे वर्गीकरण आले. 'डिक्टिओस्टेलियम फॅसिक्युलेटम' ही 'कॅव्हेन्डेरिया फॅसिक्युलाटा' झाली, 'पॉलिस्फॉन्डिलियम पॅलिडम' ही 'हेटेरोस्टेलियम पॅलिडम' झाली. (जाता जाता : मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रे 'नव्या प्रजातीचा शोध' असे छापतात तेव्हा ती बहुधा जाती असते. या लेखात परिभाषेचाच अर्थ घेतला आहे.)

एक गंमत अजून शिल्लक आहे. हे जीव कवकांत नाहीत हे सर्वमान्य झाल्यावरही त्यांच्या शास्त्रीय नावांचे नियम शैवाले, कवके आणि वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसारच चालतात. कूळ एकीकडे आणि दप्तर दुसरीकडे. सीमाभागात राहणाऱ्याला याचे फारसे नवल वाटू नये.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. नाव चुकीचे आहे म्हणून बदलून टाका, असे म्हणणारा एक पक्ष असतो. मला तो मान्य नाही, निदान सरसकट नाही. देवमासा मासा नाही, गोगलगाय गाय नाही, भुईमूग मूग नाही, तारामासाही मासा नाही. गोगलगायीची धार काढायला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. लोकभाषा रूपावरून नाव ठेवते आणि तो तिचा हक्क आहे. मेक्सिकोत फुलिगोला चंद्राची विष्ठा म्हणतात आणि भाजून खातात, त्यात वर्गीकरणाचा दावा कुठेच नाही. त्या न्यायाने 'श्लेष्मबुरशी' बोलण्यात राहिली तर राहू द्यावी. 'बुरशी' हा शब्द आपण लोणच्यावरच्या थरापासून भिंतीवरच्या ओलीच्या डागापर्यंत कशालाही वापरतो. तो ढिला शब्द आहे, आणि ढिलाईच इथे त्याला वाचवते.

'श्लेष्मकवक'ची गोष्ट वेगळी. हा परिभाषेचा शब्द आहे आणि तत्पुरुष समास आहे. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान, म्हणजे राजपुत्र हा पुत्रच असतो. त्यामुळे श्लेष्मकवक म्हणजे कवकाचाच एक प्रकार, असे विधान तो शब्द उच्चारताच होते. गोगलगायीत ते होत नाही, कारण त्या शब्दाला शास्त्राची सही नाही. १९६९ च्या व्हिटेकरच्या पंचसृष्टी वर्गीकरणात हे जीव कवकसृष्टीतच होते, तेव्हा तो समास त्या काळाच्या ज्ञानाशी सुसंगत होता. शब्द घडवणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. आज मात्र प्रोटिस्टाच्या प्रकरणात 'कवक' हा शब्द वाचणारा विद्यार्थी गोंधळतो, आणि तो बरोबरच गोंधळतो.

पर्याय काय? द बारीच्या धर्तीवर 'कवकप्राणी' केला तर प्राणी नसलेल्याला प्राणी म्हटल्याचा नवा दोष येतो. डिक्टिओस्टेलियमसाठी 'संघ-अमीबा' सुचवला जाईल, पण 'संघ' हा वर्गीकरणात फायलमसाठी आधीच गुंतलेला आहे. 'समूह-अमीबा' चालेल. तिथे उत्तरपद अमीबा आहे आणि तो जीव चालीने तरी अमीबा आहेच. सर्वांसाठी मिळून 'श्लेष्मजीव' मला बरा वाटतो. दिसतो कसा ते सांगतो आणि नात्याबद्दल गप्प राहतो. नाती यापुढेही हलणार आहेत, तेव्हा शब्दाने त्यांची जबाबदारी न घेतलेली बरी. शास्त्रीय गटांची नावे मात्र देवनागरीत जशीच्या तशी लिहावीत. अमीबोझोआला मराठी प्रतिशब्द शोधण्याची घाई नको.

कोशातील नोंद मी अशी करीन :

श्लेष्मजीव (पु.) : ओलसर, कुजक्या जागी आढळणारे, अमीबासारखे सरकणारे व अन्न गिळणारे आणि पुढे देठावर किंवा कवचात बीजाणू धारण करणारे सूक्ष्म वा दृश्य जीव. पूर्वी कवकांत गणले जात. आज बहुतेक अमीबोझोआ गटात. अक्रॅसिस, फॉन्टिक्युला इत्यादी अन्य गटांत. जुनी संज्ञा : श्लेष्मकवक. बोलीत : श्लेष्मबुरशी. पहा : अमीबा, कवक, समूह-अमीबा.